रंग नवा, सेल्फ मुका: जुन्या गाडीच्या स्टार्टिंगचे प्रश्न

प्रश्न : माझी १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे. बॉडीचं काम, रंग, इंजिनचं ओव्हरहॉल नुकतंच उरकलं. बॅटरी नवी, सेल्फही दुसरा बसवला. तरी चावी फिरवली की नुसती ‘टिक’ होते, कधी सेल्फ अर्धा फेरा रेटतो आणि थांबतो. हेडलाइट मात्र लख्ख लागतात. आता नवा सॉलेनॉइड (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा विजेचा स्विच) घेऊ का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तूर्त काहीच विकत घेऊ नका. हेडलाइट लख्ख लागले म्हणजे बाकी सगळं ठीक, असं नसतं. दोन हेडलाइट मिळून दहा अँपिअरच्या आसपास खातात. सेल्फ इंजिन फिरवताना दीडशेच्या घरात ओढतो आणि पहिल्या झटक्याला त्याहून बराच जास्त. शिवाय दिव्यांचा करंट बॉडीतून परत येतो, सेल्फचा इंजिनातून. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. दोघांना जोडणारा अर्थिंगचा पट्टा असतो, आणि रंगकामात नेमका तोच सुटतो किंवा ताज्या रंगावर आवळला जातो. रंगातून वीज जात नाही. दिसायला मात्र काम चोख!

आधी फुकटातली चाचणी. हेडलाइट लावा, चावी फिरवून धरा आणि कुणाला तरी दिव्यांकडे बघायला सांगा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा जाम झालेला सेल्फ. दिवे होते तसेच लख्ख राहिले तर करंट सेल्फमधून वाहतच नाहीये: अर्थिंग, सॉलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा चावीकडून येणारी बारीक वायर.

मग मल्टिमीटर, २० व्होल्ट डीसीवर. तार जोडलेली आहे का हे नुसत्या आवाजाने सांगणाऱ्या बझरच्या चाचणीवर विसंबू नका. सांध्यात ०.०२ ओहम रोध असला तरी बझर वाजतोच, पण दीडशे अँपिअरला तिथे ३ व्होल्ट गळतात. म्हणून मोजायचं ते लोड असताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशनकडून कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) येणारी बारीक वायर काढून टेपने झाकलेली. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा.

सेल्फ मारत असताना बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर (क्लॅम्पवर नाही) किमान १० व्होल्ट दिसायला हवेत. त्याआधी, रात्रभर स्वस्थ ठेवलेली भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ असेल तर ती निम्मीच भरलेली आहे. नवी आहे म्हणून भरलेलीच असेल असं धरू नका, दुकानात पडून राहिलेल्या असतात. नंतर एक प्रोब निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर: ०.३ च्या आत हवं. तुमच्याकडे इथे एक-दोन व्होल्ट निघतील असा आमचा अंदाज आहे. निघाले तर दुसरा प्रोब क्लॅम्पवर, मग बॉडीवर, मग इंजिनवर असा सरकवत जा. आकडा जिथे उडी मारेल तो सांधा खराब. हे ठीक निघालं तरच पॉझिटिव्ह बाजू: खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.५ च्या आत, आणि सॉलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये ०.२ च्या आत. सॉलेनॉइड ‘टिक’ करतो, पण त्या दोन बोल्टांमध्ये पूर्ण बॅटरीचा व्होल्टेज दिसतो, तर आतली तांब्याची चकती जळलेली आहे, आणि तेव्हा नवा सॉलेनॉइड घेण्यात अर्थ आहे.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. बॉडी आणि गिअरबॉक्स दोन्हीकडे रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातूपर्यंत घासा. कल्हई केलेला तांब्याचा विणलेला पट्टा, किमान २५ चौरस मिलिमीटरचा, खाली दातेरी वॉशर घालून आवळा. व्हॅसलीन आवळून झाल्यावर बाहेरून लावायचं. खाडीकाठच्या दमट हवेत साधं तांबं आतून हिरवं पडतं, म्हणून कल्हईचा आग्रह. आणखी एक जागा हमखास विसरली जाते: सेल्फचं तोंड जिथे बेलहाउसिंगला (फ्लायव्हील-क्लचवरचं आवरण) टेकतं ती कड. सेल्फची अर्थिंग तिथूनच होते. रिस्टोअर करताना सेल्फला आणि बेलहाउसिंगला हौसेने रंग मारलेला असेल तर तो त्या कडेवरून खरवडून काढा.

चोकची केबल सेल्फ मारताना गरम होते का, हातही लावून बघा. पट्टा नसला की करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि त्या जळतात.

सगळे आकडे बरोबर आले तरच सेल्फ उघडा किंवा ओव्हरहॉलनंतर इंजिनच घट्ट आहे का ते पाहा. प्लग काढा, चौथा गिअर टाका आणि गाडी ढकला. प्लग काढूनही चाकं अडत असतील तर बिचाऱ्या सेल्फचा दोष नाही.

प्रश्न : जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा सेल्फ ‘घुर्रर्र’ करून जोरात फिरतो, पण इंजिन हलत नाही. कधी उलट होतं, सेल्फ अडकूनच बसतो.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : वीज पोचते आहे, दोष बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणाऱ्या यंत्रणेचा. सॉलेनॉइड वेगळा असलेल्या लुकास पद्धतीच्या सेल्फमध्ये पिनियन (छोटं दातेरी चाक) झटक्याने स्क्रूवरून सरकून फ्लायव्हीलला (इंजिनाचं जड चाक) लागतो. त्या स्क्रूवर ग्रीस लावलं की क्लचची धूळ चिकटते आणि पिनियन जागचा हलत नाही. रॉकेलने स्वच्छ धुवा, सुकवा, ग्रीस लावू नका. अडकला असेल तर इग्निशन बंद ठेवून टॉप गिअरमध्ये गाडी मागे-पुढे हलवा, किंवा सेल्फच्या मागच्या टोकाचा चौकोनी शाफ्ट पान्याने फिरवा. वारंवार अडकत असेल तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजलेत.

प्रश्न : गाडी फक्त रविवारी संध्याकाळी काढतो. पावसात दिवे आणि वायपर लावून तीन हात नाक्याच्या ट्रॅफिकमधून घरी येतो. पुढच्या रविवारी बॅटरी मेलेली. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) नुकताच री-वाइंड करून घेतलाय.
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : हिशेब मांडून पाहा. ५५ वॉटचे दोन हॅलोजन साधारण ९ अँपिअर, मागचे-पुढचे बारीक दिवे २, वायपर ३, इग्निशन ३; झाले १७. लुकास सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही वेगात. आयडलला जवळजवळ काहीच नाही. तासभर खोळंबलात तर ३५ अँपिअर-तासाची बॅटरी अर्धी संपते. ट्रॅफिकमध्ये पार्किंग लाइटवर भागवण्यापेक्षा आठवड्यात एकदा चार्जरवर लावणं बरं.

री-वाइंडनंतर डायनॅमोची पोलॅरिटी दिली होती का? डायनॅमोच्या ‘डी’ (आउटपुट) आणि ‘एफ’ (फील्ड) दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची वायर ‘एफ’ला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. मग ‘डी-एफ’ एकत्र जोडून त्या जोडापासून अर्थपर्यंत मीटर लावा आणि रेस हळूहळू वाढवा. मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आत व्होल्टेज १४ च्या वर चढायला हवा. त्यापुढे रेस देऊ नका, तो भडकतो. अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्डचं वाइंडिंग बघा. कटआउटच्या (चार्जिंगवर ताबा ठेवणारा रेग्युलेटरचा डबा) अर्थची वायरही तपासा, ती सुटली तर व्होल्टेजवर लगाम राहत नाही आणि डायनॅमो जळतो.

उभ्या गाडीतली विजेची गळती वेगळी बघायची. सगळं बंद करून निगेटिव्ह काढा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून खुंटी आणि क्लॅम्पच्या मध्ये जोडा. घड्याळ-रेडिओ नसलेल्या गाडीत शून्य यायला हवं. १०० मिलिअँपिअर दिसले तर आठवड्यात जवळपास १७ अँपिअर-तास गेले. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका.

प्रश्न : चावी धरून ठेवली की इंजिन चालू होतं, सोडली की लगेच बंद.
– एक वाचक, खारघर

उत्तर : बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट मर्यादेत ठेवणारा रोध) तुटलाय. सेल्फ मारताना कॉइलला थेट व्होल्टेज मिळतो, चावी सोडल्यावर बॅलास्टमधून. इग्निशन बंद करून त्याची एका बाजूची वायर काढा आणि मीटरने मोजा. साधारण दीड ओहमच्या जागी ‘ओपन’ दिसेल. बॅलास्ट शाबूत निघाला तर चावीच्या स्विचचा ‘रन’ कॉन्टॅक्ट बघा. बॅलास्टला बगल देऊन वायर थेट जोडायचा मोह टाळा. दीड ओहमची कॉइल १२ व्होल्टवर तापते आणि पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) काळे पडतात. बॅलास्ट काढूनच टाकायचा असेल तर तीन ओहमची कॉइल बसवा, पण मग सेल्फ मारताना थेट व्होल्टेज देणारी बायपासची वायरही काढून टोक झाका. पॉइंटचा गॅप लुकास डिस्ट्रिब्यूटरला ०.०१४ ते ०.०१६ इंच ठेवा.