ताप उतरला, तरी शस्त्रक्रिया कशासाठी?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाच्या (वय ४६) महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. महिनाभर ताप येत राहिल्यावर त्या झडपेला जंतुसंसर्ग झाल्याचे निदान झाले. इंजेक्शनांनी ताप उतरला. मात्र ईसीजी बदलल्यामुळे डॉक्टर अन्ननलिकेतून इको करण्यास आणि शस्त्रक्रियेची तयारी ठेवण्यास सांगत आहेत. प्रकृती सुधारत असताना याची गरज आहे का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : गरज आहे, आणि ही तपासणी कृपया लांबणीवर टाकू नका. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विद्युतसंदेश नेणारे तंतू महाधमनीच्या झडपेला अगदी लागून जातात. संसर्ग पाकळ्या ओलांडून झडपेच्या कड्यात शिरला आणि तेथे गळू झाले, तर या तंतूंना इजा होऊन ईसीजीतील ‘पीआर’ अंतर (म्हणजे संदेश वरून खाली पोहोचायला लागणारा वेळ) लांबते. ते ०.२० सेकंदांपलीकडे जाऊन वाढतच राहिले, तर पूर्ण हार्ट ब्लॉक (म्हणजे संदेश खाली पोहोचणेच बंद) होऊन नाडी एकाएकी मंदावू शकते. ताप उतरला म्हणून गळू नाही असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या आतपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. छातीवरून केलेल्या इकोत लहान गळू निसटते. अन्ननलिका हृदयाच्या पाठीमागूनच जात असल्यामुळे तिकडून ते अधिक स्पष्ट दिसते.

क्वचित हे गळू फुटून दोन कप्प्यांमध्ये भलतीच वाट तयार होते किंवा हृदयावरणात पू साचतो. त्याहून दुर्मीळ म्हणजे झडपेवरील जंतुयुक्त गाठीचा तुकडा सुटून हृदयाच्याच रक्तवाहिनीत अडकणे. तेव्हा हार्ट अटॅक येतो, परंतु गुठळी विरघळवणारे नेहमीचे औषध अशा रुग्णाला देणे फार धोक्याचे असते, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धाप यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच क्षणी सिस्टरना सांगावे.

शस्त्रक्रियेत दूषित ऊती काढून नवी झडप बसवतात. काहींना पुढे कायमचा पेसमेकर लागतो, आणि प्रतिजैविके त्यानंतरही काही आठवडे चालू ठेवावी लागतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आजच करावी.

दोन पाकळ्यांची झडप एकाच कुटुंबात अनेकांना आढळू शकते. त्यामुळे आपण स्वतः आणि भावाच्या मुलांनीही एकदा इको करून घ्यावा.