हेडर इन्क्लूड करूनही 'अनडिफाइन्ड रेफरन्स' एरर का येतो?

तुम्ही लिहिलंय की बेरीज() हे फंक्शन गणित.सी मध्ये आहे, मेन.सी मध्ये गणित.एच इन्क्लूड केली आहे, आणि तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू बेरीज' येतं. तुमचा कोड बहुतेक बरोबरच आहे. गणित.सी कम्पाइलच होत नसणार.

हा एरर कम्पायलरचा नाही, लिंकरचा आहे, म्हणजे कम्पाइल झालेल्या फाइल्स जोडून प्रोग्राम बनवणाऱ्याचा. आधी हा फरक ओळखायला शिका, म्हणजे निम्मा वेळ वाचेल. कम्पायलरच्या एररमध्ये ओळीचा आणि कॉलमचा नंबर असतो, 'मेन.सी:7:15' असा, तिथे सोर्स दुरुस्त करायचा. लिंकरच्या एररमध्ये बहुधा .ओ फाइलचं (कम्पाइल झालेल्या फाइलचं) नाव असतं आणि शेवटी 'कलेक्ट2: एरर: एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस'. ही शेवटची ओळ सर्च करत बसू नका, लिंकिंग फसलं एवढंच ती सांगते. कामाची ओळ तिच्या वर असते.

हेडरमुळे कम्पायलरला एवढंच कळतं की बेरीज नावाचं फंक्शन कुठेतरी आहे, ते दोन इंट घेतं आणि इंट परत देतं. त्या भरवशावर तो मेन.ओ बनवतो आणि बेरीजच्या पत्त्याची जागा रिकामी ठेवतो. ती भरायचं काम लिंकरचं. त्याला गणित.ओ मिळालीच नाही तर तो पत्ता आणणार कुठून? म्हणून जीसीसी कम्पायलरला दोन्ही फाइल्स द्या:

जीसीसी -वॉल मेन.सी गणित.सी -ओ प्रोग्राम

व्हीएस कोडचं रन बटण वापरत असाल तर टास्क्स.जेसन उघडून बघा. तिथे सहसा फक्त उघड्या फाइलचं नाव जातं. त्याजागी दोन्ही नावं लिहा. मेन.सी मध्ये थेट गणित.सी इन्क्लूड करायचा सल्लाही मिळेल. तो मानू नका, पुढे दोन्ही फाइल्स एकत्र बिल्ड केल्या की 'मल्टिपल डेफिनिशन' येईल.

तरीही एरर गेला नाही तर 'जीसीसी -सी गणित.सी' चालवा आणि मग 'एनएम गणित.ओ', ही कमांड .ओ फाइलमधली नावं दाखवते. बेरीजच्या पुढे कॅपिटल टी दिसला तर फंक्शन तिथे आहे. स्मॉल टी असेल तर तुम्ही ते स्टॅटिक केलंय, बाहेरच्या फाइलला ते दिसणार नाही. नावच नसेल तर स्पेलिंग तपासा, कॅपिटल-स्मॉलसकट.

लिनक्सवर एसक्यूआरटी (वर्गमूळ काढणारं फंक्शन) वापरताना हाच एरर येतो, कारण मॅथ लायब्ररी वेगळी जोडावी लागते. -एलएम कमांडच्या शेवटी लिहा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी आधी आली तर तोवर तिच्याकडून काही हवंच नसतं, म्हणून तो ती सोडून पुढे जातो. गंमत म्हणजे एसक्यूआरटी(2.0) लिहिलं तर -एलएम शिवायही चालतं, कारण जीसीसी उत्तर कम्पाइल करतानाच काढून टाकतो. त्याजागी व्हेरिएबल घातलं की एरर हजर.

आणि हेडरमध्ये 'इंट एकूण;' असं ग्लोबल व्हेरिएबल ठेवू नका. जुने जीसीसी ते चालवून घ्यायचे. 2020 च्या जीसीसी 10 पासून 'मल्टिपल डेफिनिशन' मिळतं, त्यामुळे जुन्या पुस्तकातला कोडही अडतो. इन्क्लूड गार्डने (एकाच .सी फाइलमध्ये हेडर दोनदा येऊ न देणाऱ्या ओळींनी) हे सुटत नाही, कारण प्रत्येक .सी फाइल स्वतंत्र कम्पाइल होते. हेडरमध्ये 'एक्स्टर्न इंट एकूण;' आणि कुठल्याही एकाच .सी फाइलमध्ये 'इंट एकूण = 0;' लिहा.