अर्धशिशीतली 'शिशी' कुठून आली?

यावलच्या एका ताईंनी विचारलंय की 'मायग्रेन झाला', 'मायग्रेन झाली' की 'मायग्रेन झालं', यातलं बरोबर काय, आणि त्याला मराठीत अर्धशिशी म्हटलं तर चालेल का. कारण त्यांच्या मुलीला क्लासमधे कोणीतरी सांगितलं की अर्धी भरलेली बाटली हलवल्यासारखं डोक्यात डचमळतं म्हणून अर्धशिशी.

लिंगाचं पटकन सांगून टाकतो. अर्धशिशी स्त्रीलिंगी, 'अर्धशिशी उठली' असंच म्हणतात. मायग्रेनचं आपल्याकडे झाला पण ऐकू येतं नि झालं पण, मी 'मायग्रेनचा त्रास' म्हणतो, वादच नको. बाटलीची गोष्ट मात्र साफ चूक, त्याच्याकडे येतोच.

त्याच्याआधी एक बोलू द्या. मे महिन्यात जळगावात दुपारी उन्हात फिरून आलं, पाणी प्यायलं नाही, डोकं चढलं, की लगेच 'माझं मायग्रेन दुखतंय'. हळदीत डीजेसमोर रात्रभर उभे राहिले, सकाळी मायग्रेन. चहा चुकला, मायग्रेन. अहो मायग्रेन दुखत नसतं, डोकं दुखतं! आणि आपल्या भाषेत डोक्यासाठी क्रियापदं किती आहेत बघा, डोकं ठणकतं, जड होतं, आवळतं, भणभणतं, चढतं, उठतं, आणि अहिराणीत सरळ 'डोकं दुखस'. डॉक्टर 'कसं दुखतं' विचारतात तेव्हा त्यांना हेच क्रियापद हवं असतं. आवळतं, जड वाटतं, दोन्हीकडून दाबल्यासारखं होतं, जिना चढला तरी वाढत नाही, माणूस कुरकुरत का होईना कामं उरकतो, ती बहुतेक ताणाची डोकेदुखी, ती अर्ध्या तासातही थांबते नि ७ दिवसही टिकते, सगळ्यात जास्त लोकांना होते ती हीच. आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकतं, चाललं-वाकलं की वाढतं, मळमळतं, उजेड नि आवाज नकोसा होतो, औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास चालतं, ते मायग्रेन. काहींना आधी डोळ्यासमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत.

माझी आत्या एरंडोलला असायची, धाब्याचं घर, तिची अर्धशिशी उठली की सगळ्यात आतल्या खोलीत दाराला गोधडी टांगून पडून राहायची, डोक्याला फडकं आवळलेलं, कोणी हाक मारली तर नुसता हात हलवून गप्प करायची. त्या दिवशी घरात काळ्या मसाल्याची फोडणी बंद, कारण तो वास नाकात गेला की तिला उलटीच व्हायची. तिनं मायग्रेन हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण रोग अचूक ओळखला होता, आणि साधं डोकं दुखलं तर ती त्याला अर्धशिशी म्हणायची नाही.

आता शिशी. बाटलीवाली शिशी फारसीतल्या शीशा म्हणजे काच यावरून आली. अर्धशिशीतली शिशी संस्कृत शीर्ष वरून. शीर्षचं प्राकृतात सीस झालं, आणि इ-ई च्या आधी स आला की मराठीची जीभ त्याचा श करते, हा आपल्या भाषेचा जुना स्वभाव आहे. सीमाची शीव, सीवनाचं शिवणं, सिक्थाचं भाताचं शीत, तसंच सीसचं शीस, आणि अर्ध्या शीसाची ती अर्धशिशी. हिंदीत अर्ध्याचं आधा झालं पण सीसचा स तसाच राहिला म्हणून त्यांची आधासीसी. काही जण छातीठोक सांगतात की अर्धशिशी हा 'अर्धावभेदक'चा, म्हणजे आयुर्वेदातल्या अर्ध्या डोक्याच्या दुखण्याच्या नावाचा अपभ्रंश आहे. अवभेदकातून शिशी काढून दाखवा, एक तरी ध्वनिनियम सांगा! अर्थ एक असला म्हणजे व्युत्पत्ती एक होत नाही.

आणि आता खरी मजा. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन, तो या दुखण्याला हेमिक्रानिया म्हणायचा, हेमि म्हणजे अर्धं, क्रानिऑन म्हणजे कवटी. लॅटिनमधून फ्रेंचमधे जाताना पुढचा 'हे' गळून पडला, क चा ग झाला, आणि राहिलं मिग्रेन, तेच इंग्रजीतून आपल्याकडे मायग्रेन. म्हणजे 'माय' हा हेमिचा उरलेला तुकडा आणि 'ग्रेन' म्हणजे कवटी. आता आपला शिर नि शीर्ष घ्या. आपल्याकडे जिथे श तिथे ग्रीकमधे क, असं कित्येक शब्दांत आहे, आपलं दश तर त्यांचं डेका, आपलं शत तर त्यांचं हेकाटॉन. तसंच शिर आणि क्रानिऑन एकाच मुळाचे. फारसीतला सर म्हणजे डोकं, तोही याच कुळातला. तेव्हा गावच्या सरपंचातला 'सर', अर्धशिशीतली 'शिशी' आणि मायग्रेनमधला 'ग्रेन' हे तिघं सख्खे चुलत भाऊ आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. म्हणून 'अर्धशिशी हा गावठी शब्द, मायग्रेन शास्त्रीय' असं म्हणणाऱ्या मास्तरांना माझं सांगणं आहे की दोन्ही शब्दांचा अर्थ अक्षरशः एकच आहे, एक घरचा आणि एक फिरून आलेला, एवढाच फरक.

फक्त शब्दात अर्धं आहे म्हणून दुखणं अर्ध्यातच पाहिजे असं नाही. मायग्रेन कित्येकांचं दोन्हीकडे असतं. उलट एका डोळ्यामागे भयंकर कळ, त्याच बाजूचा डोळा लाल, पाणी येतं, नाक चोंदतं, १५ मिनिटं ते ३ तास, कधी दिवसातून आठ वेळा, आणि माणूस पडून न राहता येरझारा घालतो, हे अर्ध्याच डोक्यात असून मायग्रेन नाही, त्याला क्लस्टर म्हणतात. आणि हेमिक्रेनिया हे जुनं नाव डॉक्टरांनी अजून ठेवलंय, पण वेगळ्याच दुखण्यांसाठी, त्यातली एक 'हेमिक्रेनिया कंटिन्युआ', महिनोन्महिने एकाच बाजूला सतत. इंडोमेथासिन ही गोळी तिला इतकी हमखास लागू पडते की निदान करताना तेच बघतात.

माझं स्वतःचं एक मत आहे. सुश्रुतानं डोक्याचे ११ रोग सांगितलेत, त्यात अर्धावभेदक वेगळा आणि सूर्यावर्त वेगळा. अर्धावभेदक दहा दिवसांनी, पंधरवड्यानं किंवा अचानक येतो, सूर्यावर्त मात्र सूर्याबरोबर चढतो, दुपारी टिपेला जातो, ऊन कललं की उतरतो. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते अर्धशिशीचंच वर्णन 'सूर्य चढतो तशी चढते' असं करतात, आणि उपाय काय, तर सूर्य उगवायच्या आत जिलबी नि दूध. मायग्रेनला सूर्याचं असं वेळापत्रक नसतं! माझं ठाम म्हणणं आहे की लोकभाषेत सूर्यावर्त हा शब्द मेला आणि त्याची लक्षणं अर्धशिशीनं पोटात घेतली, सूर्योदयाची अट तिथूनच आली. आणि हे सकाळी सुरू होऊन दुपारी वाढणारं कपाळाचं दुखणं भुवयांवरच्या सायनसचं असतं हे कान-नाक-घशाचे डॉक्टर आजही सांगतात. तेव्हा जुन्या लोकांच्या अर्धशिशीत थोडा सायनस मिसळलेला होता. आता नेमकं उलटं चाललंय, ज्याला लोक सायनस सायनस म्हणून वर्षानुवर्षं वाफ घेतात ते पुष्कळदा मायग्रेन निघतं, कारण त्यातही नाक चोंदतं. आयुर्वेदाच्या पुस्तकांत सरसकट 'अर्धावभेदक म्हणजे अर्धशिशी' असं लिहून पुढे जातात ते मला म्हणूनच पटत नाही.

ताई, एक शब्द मात्र मराठीत खरंच नाहीये. साध्या पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, किंवा ट्रिप्टान, म्हणजे मायग्रेनच्या खास गोळ्या, नि मिश्र गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं जवळपास रोज दुखायला लागतं, आणि ते ठीक व्हायला त्या गोळ्या कमी कराव्या लागतात, तेही डॉक्टरला विचारून. मेडिकलवर 'मायग्रेनची गोळी द्या' म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचं हेच असेल. याला कुठे 'औषधातिरेकी शिरःशूल' असलं काही लिहितात, ते कोणाच्या तोंडी बसणार आहे? मी 'गोळीदुखी' म्हणतो. अहिराणीत याहून चांगला शब्द कोणाला सुचत असेल तर मी तोच वापरीन.