लंडनहून एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ: विंडसर वगळा

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरच्या शेवटी सत्तरीच्या आईंना घेऊन विंडसरचा किल्ला, स्टोनहेंजचे प्राचीन उभे दगड आणि बाथ शहरातली रोमन स्नानगृहं अशी गाइडसह बस टूर घ्यावी का. मी ही वाट तीनदा केली आहे, एकदा सासूबाईंना घेऊन. टूर जरूर घ्या, पण तीन ठिकाणांची नको. स्टोनहेंज आणि बाथ एवढीच घ्या.

कारण साधं आहे. लंडन ते विंडसर तासभर, तिथून स्टोनहेंज दीड तास, पुढे बाथ सव्वा तास आणि परतताना अडीच-तीन तास. म्हणजे बाराएक तासांच्या दिवसातले साडेसहाएक तास खुर्चीतच जातात. उरलेल्या वेळात तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी उतरणं-चढणं, स्वच्छतागृहाची रांग. आमच्या पहिल्या टूरमध्ये विंडसरहून निघायला उशीर झाला आणि त्याची भरपाई बाथमध्ये झाली. रोमन स्नानगृहं चाळीस मिनिटांत पळत पाहिली. शिवाय विंडसरचा किल्ला एरवी मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो, हे बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

नोव्हेंबरात तिकडे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून आधी स्टोनहेंज आणि मग बाथ, असाच क्रम असलेली टूर बघा. रोमन स्नानगृहं दिव्यांच्या उजेडात उलट जास्त छान दिसतात. माळावरचे दगड अंधारात कोण बघणार? लंडनहून जाताना उजवीकडची खिडकी पकडा. ए ३०३ रस्त्यावरून बस जात असेल तर एका चढानंतर दगड अचानक समोर येतात, आणि माझ्या मते ते पहिलं दर्शन जवळून बघण्यापेक्षा भारी आहे.

स्वागत केंद्र दगडांपासून सुमारे अडीच किलोमीटरवर आहे. तिथून शटल बस मिळते, आईंना चालावं लागणार नाही. पण माळ उघडा आहे, वारा हाडात शिरतो. कानटोपी विसरू नका. नेहमीच्या तिकिटावर दगडांभोवतीच्या दोरीच्या बाहेरूनच फिरायचं असतं. आत जायला पहाटे किंवा संध्याकाळी वेगळं आगाऊ बुकिंग लागतं.

खरा गाइड इथे कळतो. आमचा ड्रायव्हरच गाइड होता तेव्हा फक्त बसमध्ये माहिती मिळाली, खाली उतरल्यावर आम्ही आमचे. दुसऱ्या वेळच्या गाइड बाईंनी सगळ्यात उंच उभ्या दगडाच्या डोक्यावरचा गोल उंचवटा दाखवला. सुतार लाकडाला कुसू आणि खाच करतो, तसाच जोड साडेचार हजार वर्षांपूर्वी पंचवीस टनी दगडांवर केलाय! त्यावरचा आडवा दगड कधीच खाली पडला, कुसू तेवढं उरलं. लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून आणलेत, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरवरून. मधला सपाट दगड तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा, हे २०२४ मध्ये उघड झालं. म्हणून बुकिंग करताना एकच विचारा: गाइड आमच्यासोबत खाली उतरणार का?

बाथमध्ये किमान अडीच तास हवेत. स्नानगृहांतल्या गरम झऱ्याचं पाणी ४६ अंश सेल्सिअसचं, रोज ११ लाख ७० हजार लिटर येतं. मोठ्या कुंडातलं पाणी शेवाळामुळे हिरवं दिसतं, हात घालू नका. बहुतेक लोक कुंडाचे फोटो काढून निघतात, पण संग्रहालयातल्या शिशाच्या पातळ पत्र्यांपाशी थांबा. त्यांवर रोमन काळात लोकांनी झऱ्याच्या सुलिस देवीला तक्रारी खरडून झऱ्यात टाकल्या होत्या. डोसिलियानस नावाच्या एकाची टोपीवाली शाल चोरीला गेली, तर तो म्हणतो की ती देवळात परत आणेपर्यंत चोराला झोप लागू नये, मूलबाळ होऊ नये. सासूबाई हसून हसून बेजार! त्यांच्या मते आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात तेच हे.

ॲबे चर्च अगदी शेजारी आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवर शिडी चढणारे देवदूत दिसतील. रॉयल क्रेसेंट ही अर्धगोलातल्या जुन्या घरांची रांग मात्र चढावर आहे. आई थकल्या असतील तर सोडून द्या.

विंडसर वेगळ्या दिवशी करा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून थेट रेल्वे आहे, तासाभरात पोचता, आणि परतायची घाई नसते.