वाचकांचे प्रश्न : अस्तित्व फक्त एकेका वस्तूलाच असते का?

प्रश्न : आमच्याकडे यंत्रमागावर एकाच नक्षीच्या शेकडो चादरी निघतात. प्रत्येक चादर हाताला लागते, विकली जाते, विरते. नक्षी मात्र चादरींपासून वेगळी कुठेच सापडत नाही. मग ‘आहे’ असे फक्त एकेका वस्तूबद्दलच म्हणावे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नक्षी ही चादरीसारखी आणखी एक वस्तू नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांतही ती वस्तू म्हणून ठेवलेली नसते. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खाली राहतो, एवढेच. आणि तो पुठ्ठाही एक सुटी वस्तूच आहे. परंतु नक्षी वेगळी वस्तू नाही म्हणून ती मुळात नाहीच, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

आपल्या बाजूने बोलणारे विचारवंत मोठे आहेत. युरोपात चौदाव्या शतकात ऑकमच्या विल्यमने मनाबाहेर जे आहे ते सारे एकेकटेच आहे आणि सामान्यपण, म्हणजे अनेकांना समान असणे, केवळ शब्दांना व संकल्पनांना असते, असे मांडले. आपल्याकडे दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी स्वलक्षण, म्हणजे दुसऱ्या कशासारखेही नसलेले एकेकटे सत् (खरोखर असणारे), तेवढेच परमार्थाने खरे मानले. धर्मकीर्तींची कसोटी अशी, की जे काही कार्य घडवू शकते तेच सत्. ऊब चादर देते, चादरपण देत नाही.

ही कसोटी प्रामाणिकपणे लावत गेले की काय होते, ते मात्र पाहण्यासारखे आहे. ऊब देणारे तर धागे आहेत. मग धाग्यांहून निराळी अशी ‘एक चादर’ तरी कशाला मानायची? बौद्धांनी ही अडचण टाळली नाही. त्यांनी अवयवी, म्हणजे भागांहून निराळी अशी अखंड वस्तू, नाकारली, वस्तूचे टिकणे नाकारले आणि क्षणाक्षणाला नवे सत् मानले. त्यांच्या निर्भयपणाबद्दल मला आदर आहे. परंतु आपण ज्या विकत घेता येणाऱ्या, वर्षानुवर्षे वापरता येणाऱ्या चादरीपासून सुरुवात केली, ती त्यात उरत नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या विचारवंतांनी, तंतू (धागे) आणि पट (कापड) हेच उदाहरण घेऊन उलट सांगितले, की पट ही तंतूंमध्ये समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारी नवी वस्तू आहे. तेव्हा फक्त व्यक्ती, म्हणजे एकेकट्या वस्तू, आहेत असे म्हणणाऱ्याला आधी व्यक्ती कोणती, हे ठरवावे लागते.

या वादात मला सर्वांत उपयोगी वाटतो तो वैशेषिकांचा, म्हणजे न्यायाच्या जवळच्या दर्शनाचा, भेद. त्यांचे आचार्य प्रशस्तपाद यांच्या मते सत्ता, म्हणजे ‘असणेपण’, हे सामान्य (अनेकांत एकच असणारे) द्रव्य, गुण आणि कर्म (क्रिया) या तिघांतच राहते. सामान्य, विशेष (एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारे) आणि समवाय यांत ते राहत नाही, तरीही अस्तित्व या सहाही पदार्थांना, म्हणजे असणाऱ्या गोष्टींच्या प्रकारांना, आहे. म्हणजे वस्तू ज्या रीतीने असते त्याच रीतीने सर्व काही असले पाहिजे, ही अट त्यांनी घातली नाही. जातीत, म्हणजे अशा सामान्यात, पुन्हा जाती मानली तर अनवस्था होते, म्हणजे मालिका कधी संपतच नाही, हेही त्यांना ठाऊक होते. शिवाय सामान्ये वाटण्यात ते उदार नव्हते: याच परंपरेतील उदयनाचार्यांनी जातीचे सहा बाधक, म्हणजे जाती मानू न देणाऱ्या अडचणी, सांगितले, आणि आकाश एकच असल्याने आकाशत्व ही जाती नाकारली गेली.

या काटेकोर अर्थाने आपली नक्षी जाती ठरेलच असे नाही, कारण ती धाग्यांचे रंग आणि त्यांची मांडणी यांवरून उलगडून सांगता येते. पण सांगताना काय येते? हा धागा लाल, तोही लाल. हा त्याच्या वरून गेला, तोही वरून गेला. जे पुन्हा पुन्हा येते ते येतेच. ते केवळ साम्य आहे म्हणावे, तर या दोन चादरींतले साम्य आणि त्या दोन चादरींतले साम्य, यांना एकाच जातीचे कशाने म्हणायचे? ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1912 मध्ये मांडलेल्या या अडचणीला मला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

म्हणून नक्षी आहे, असेच मी म्हणेन. मात्र ती चादरींच्या आधाराने आहे. ॲरिस्टॉटलने हा माणूस, हा घोडा अशा व्यक्तींना प्रथम स्थान दिले आणि त्या नसतील तर दुसरे काहीही असू शकणार नाही असे म्हटले, पण बाकीचे नाहीच असे म्हटले नाही. नैयायिकांची जाती नित्य असते, सर्व व्यक्ती नष्ट झाल्या तरी ती उरते. तिथे मी त्यांच्यासोबत जात नाही. एक चादर जळली तर नक्षीचे काही उणे होत नाही, परंतु शेवटची चादर, पुठ्ठे, कागदावरचा आराखडा आणि विणकराची आठवण हे सारेच गेले, तर ती नक्षी अजून आहे असे म्हणायला मला आधार दिसत नाही.