वाचकांचे प्रश्न : व्हीलचेअरवरून तळ्यावर गळ टाकायचा तर

प्रश्न : करवीर तालुक्यातल्या आमच्या गावतळ्यात मच्छीमार संस्थेने रोहू, कटला सोडलाय. रविवारी गळ टाकणाऱ्यांना पास देतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या दोघांनी विचारणा केली, म्हणून बांधावरून पाण्यापर्यंत काँक्रीटचा उतार करायचं बैठकीत ठरलं. उतार किती लांब लागेल? – संस्थेचे सभासद

आधी एक गोष्ट : बांधाला हात लावू नका. मातीच्या बांधाच्या आतल्या अंगाचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, उचकटून तिथं काँक्रीट ओतलं, की दोन्हींच्या सांध्यातून पाणी शिरतं आणि आतली माती हळूहळू वाहून जाते. वरून काही दिसत नाही, आणि गळती लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. जागा शोधायची ती नैसर्गिक काठावर, बांध आणि सांडवा सोडून.

आता लांबीचा हिशेब. चाकाच्या खुर्चीला १:१२ पेक्षा, म्हणजे बारा मीटर लांबीला एक मीटर चढापेक्षा, तीव्र उतार चालत नाही. भरलेलं तळं आणि मे महिन्यातलं तळं यांच्या पातळीत दोन मीटरचा फरक धरला, तर २४ मीटर उतार झाला. दर नऊ मीटरला दीड मीटरची सपाट जागा हवी, म्हणजे आणखी तीन मीटर. एवढं करून खालचा बराचसा भाग वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली. पाणी उतरलं की त्यावर बोटभर रेंदा आणि शेवाळ. धडधाकट माणूसही तिथं घसरेल.

म्हणून पाण्याच्या मागं उतार नेण्यापेक्षा पाणी काठ सोडून लांब जात नाही अशी जागा धरा. मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी काठाने चक्कर मारायची आणि पाण्याच्या कडेला खुंटी ठोकायची. खुंट्या जिथं जवळजवळ पडल्या तिथं काठ उभा आहे, आणि ती तुमची जागा. ज्या बाजूला तळं पसरट आहे तिथं खुंट्या पंधरा-वीस मीटर लांब जातील, ती बाजू सोडा. दोन जागा मिळाल्या तर उत्तमच : वरची भादव्यापासून संक्रांतीपर्यंत, खालची उन्हाळ्यासाठी. खालच्या जागेकडे जाणारी वाट काठाच्या कडेकडेने आडवी न्यायची, सरळ खाली उतरवायची नाही. ती पावसाळ्यात बुडणारच. दरवर्षी पाणी ओसरल्यावर ती धुऊन, खराट्याने घासून घ्यावी लागेल, हे काम कुणाकडे ते आत्ताच ठरवा.

जागा निवडताना मान वर करून पाहायचं. मोटारपंपांच्या विजेच्या तारा काठावरून जातात, आणि कार्बनच्या गळकाठीतून वीज सहज वाहते. तारांपासून निदान ३० मीटर लांब राहा.

निवडलेल्या जागेवर बसून गळ टाकायला सपाट ओटा बांधायचा : एका खुर्चीला आणि सोबत्याला मिळून काठाच्या बाजूने २.४ मीटर रुंद, पाण्याच्या कडेपासून मागे दोन मीटर. मागून जाणारी वाट दीड मीटरची, म्हणजे खुर्ची तिथं वळेल. खालची माती काळी असेल तर ती अर्धा मीटर काढून टाका. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचा स्लॅब तडकतो. त्या जागी मुरूम, एकेका वेळी १५ सेंटिमीटरचा थर, पाणी मारून रोलरने दाबलेला. घाईत सगळा मुरूम एकदम ओतला तर पहिल्याच पावसात ओटा एका अंगाला बसतो. ओट्याच्या पाण्याकडच्या भिंतीचा पाया मेमध्ये, पाणी तळाला असताना, घट्ट मुरमापर्यंत न्या, नाहीतर लाटा तो पोखरतात. भिंतीत पाणी झिरपायला भोकं ठेवायला विसरू नका. पृष्ठभागावर काँक्रीट ओलं असताना झाडू आडवा ओढायचा. पॉलिश केलेली फरशी नको, आणि सुटी खडी तर नकोच, पुढची छोटी चाकं तिच्यात रुततात. हे सगळं मिरगाच्या आधी उरकायचं, शिवाय काँक्रीटला आठ-दहा दिवस पाणी मारायला वेळ हवा.

गवंडी इथं हमखास चुकतो ते सांगतो. पाणी निघून जावं म्हणून तो ओट्याला उतार देतो, आणि सवयीने तळ्याच्या दिशेने देतो. खुर्चीचा ब्रेक सुटला तर माणूस थेट पाण्यात. उतार मागे, जमिनीकडे हवा : ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर, जास्त नको. मागे साठणारं पाणी छोट्या गटारीतून, ओट्याखालून टाकलेल्या पाइपने तळ्यात सोडा. गटारीच्या जाळीच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा बारीक आणि चाकाच्या दिशेला आडव्या. गवंडी गेल्यावर नव्हे, काँक्रीट ओतायच्या आधी पाणसळ लावून स्वतः बघा.

प्रश्न : त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा तरंगता धक्का टाकला तर? पाण्याबरोबर तो वरखाली होईलच की. – वाचक, कागल

धक्का होईल, त्याच्याकडे नेणारा पूल मात्र तिरपा होत जाईल. सहा मीटरचा पूल १:१२ मध्ये फक्त अर्धा मीटर फरक झेलतो. पाणी दीड मीटर उतरलं की तोच पूल १:४ होतो आणि खुर्ची मागून धरून ठेवणंही अवघड. पाणीपातळी फारशी न हलणाऱ्या तळ्यावर हा उपाय चांगला. आपल्याकडच्या सिंचनाच्या तळ्यांवर नाही. शिवाय जलपर्णी वाऱ्याने एका बाजूला येऊन धक्क्याला अडकते, तिथं गळ पडतच नाही.

प्रश्न : उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. अशा ओट्याच्या कठड्याची ऑर्डर आलीय. नेहमीप्रमाणे साडेतीन फूट उंची धरू का?

नका धरू. बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत कठडा आला तर गळकाठी फिरवता येत नाही आणि मासा वर घेता येत नाही. आपल्याकडे मासेमारीच्या ओट्यासाठी वेगळं माप हाताशी नसेल तर अमेरिकेच्या नियमांतलं माप घ्या : कठड्याचा किमान पाव हिस्सा ८६५ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. अशा ठेंगण्या जागा एकाच कोपऱ्यात न घेता विखरून ठेवा.

खरा रखवालदार कठडा नाही, त्याच्याखालची कडा. अमेरिकन नियम किमान ५१ मिलिमीटर उंची मागतो, तुम्ही ७५ ते १०० घ्या. पुढची छोटी चाकं तिला अडतात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वरून पुढे जातात, त्यामुळे माणूस कठड्याच्या जवळ बसतो. ऑर्डर घेताना येणाऱ्या खुर्च्यांच्या पायपट्टीची जमिनीपासूनची उंची मोजून या. पट्टी कडेपेक्षा खाली असेल तर ती आधी आपटेल आणि गुडघे अर्धा फूट मागेच राहतील. खालच्या भागात पत्रा ठोकू नका, पाण्यातली दोरी बसल्या जागेवरून दिसली पाहिजे.

गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला की सांध्यावरचं जस्त जळतं आणि पहिला गंज तिथंच चढतो. शक्य असेल तर आख्खा कठडा जोडून मग हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून, करून घ्या. काँक्रीटमध्येच ५० मिलिमीटरचा पाइप तिरका गाडून गळकाठीची बैठक करा, तळाला पाणी जायला भोक ठेवा. पाच किलोचा कटला ओढू लागला की ताण खुर्चीवर न येता ओट्यावर येतो. हा पाइप फुकटात होण्यासारखा आहे, आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरतो, पाठीच्या कण्याला इजा आहे. ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. पट्ट्याने स्वतःला बांधून घेऊ का? – वाचक, गडहिंग्लज

पट्टा अजिबात नको. खुर्ची पाण्यात गेलीच तर बांधलेला माणूस तिच्याबरोबर तळाला जातो. लाईफ जॅकेट घाला, पाठीकडचा फोम पातळ असलेलं. जाड फोम पाठीच्या आधारावर रेटतो आणि तुम्ही पुढे झुकता.

ब्रेक सरकतो तो बहुधा टायरमध्ये हवा कमी असल्याने, कारण ब्रेकचा दांडा टायरवर दाबूनच धरतो. हवा भरा, ओलं टायर पुसा, मोठ्या चाकांमागे-पुढे लाकडी पाचर लावा. पाण्याकडे तोंड करून नको, थोडं तिरकं बसा, म्हणजे काठी फिरवताना खुर्ची मागे कलंडणार नाही.

संवेदना नसलेल्या भागाला तापलेलं लोखंड लागलं तरी कळत नाही. दाबजखमांचा धोकाही आहेच, तेव्हा दर वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा बाजूला झुकून बूड उचला. इजा मानेजवळची असेल तर घाम नीट येत नाही आणि अंग तापतं. वैशाखात सकाळी दहाच्या आत आवरा, डोक्यावर ओलं फडकं ठेवा.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला हा खर्च कुठून भागवता येईल?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. ग्रामसभेत तो मागा, ठरावात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा. मनोरंजन आणि क्रीडा त्या कायद्यात आहे. तळं जलसंपदा विभागाचं असेल तर त्यांची लेखी परवानगी ठरावाला जोडा, मच्छीमार संस्थेचा ठेका असेल तर संस्थेचीही. आणि अंदाजपत्रकात शौचालय धरा : दार बाहेर उघडणारं, ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी, आत खुर्ची वळायला दीड मीटरचा गोल. नुसता ओटा बांधलेल्या तळ्यावर लोक तासाभरात घरी परततात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.