तट, भिंत की गडगा? चित्रातल्या भिंतीला नेमकं काय म्हणायचं

एका ताईंनी विचारलंय की शाळेच्या प्रदर्शनासाठी जुन्या चित्रांच्या प्रिंट्स लावतोय, सांचीचं शिल्प आहे, अकबरनाम्यातला वेढा आहे, युरोपातल्या हस्तलिखितांतली शहरं आहेत, आणि जवळपास प्रत्येकात भिंत आहे. तर खाली मराठीत सगळीकडे 'भिंत' लिहिलं तर चालेल का, की तट, तटबंदी, कोट असं वेगवेगळं लिहायचं, आणि तट म्हणजे तर किनारा ना?

ताई, सगळीकडे भिंत नका लिहू, वाचणाऱ्या पोरांचं नुकसान होईल.

आमच्याकडे मालवणात चतुर्थीच्या आधी गणपतीची भिंत रंगवायची पद्धत. मूर्ती जिथे बसणार त्याच्या मागची भिंत घासून, चुना मारून, तिच्यावर देखावा काढायचा. लहानपणी एका वर्षी मी त्या भिंतीवर किल्ला काढायला घेतला, समुद्र काढला, होडी काढली आणि मधे एक आडवी जाड पट्टी ओढली. काका मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "वर दाते काढ रे, नायतर तो गडगोच दिसता." (गडगो म्हणजे गडगा, नुसते दगड रचून केलेली बुटकी भिंत.) दाते काढले आणि खरंच त्या पट्टीचा तट झाला. त्या दात्यांना किल्ल्याच्या भाषेत चर्या म्हणतात, बंदूक रोखायच्या भोकांना जंग्या, आणि तटावरून चालायच्या वाटेला फांजी. हे तीन शब्द तुमच्या पाट्यांवर नक्की घ्या, कारण चित्रकार कुठल्याही देशातला असो, बहुतेक वेळा तो याच दात्यांनी सांगतो की ही साधी भिंत नाही.

आता शब्दांचं. भिंत आली संस्कृत 'भित्ति'वरून आणि भित्तिचं मूळ 'भिद्' म्हणजे फोडणे, चिरणे, भेद हा शब्दही तिथलाच. भित्तिचा एक जुना अर्थ चिरलेल्या वेतांची चटई असाही आहे, आणि कोकणातला कूड डोळ्यासमोर आणला की हे लगेच पटतं, कारवीच्या काठ्या नाहीतर बांबूच्या कामट्या बांधून उभ्या करायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायच्या की झाली कुडाची भिंत. म्हणजे भिंतीचं मूळ काम एका जागेच्या दोन जागा करणं. ओटी इकडे, माजघर तिकडे, दोन्ही बाजू आपल्याच.

तटाचं तसं नाही, तटाला आत आणि बाहेर असतं. संस्कृतात तट म्हणजे उतार, काठ, आणि मराठीत तो किल्ल्याच्या भिंतीला चिकटला. किनारा हा अर्थ चुकीचा नाही, तटरक्षक दल म्हणतोच की आपण, पण आमच्याकडे बोलताना समुद्राच्या काठाला कोणी तट म्हणत नाही, किनारा म्हणतात नाहीतर मालवणीत वेळ. सिंधुदुर्गाला मात्र दोन्ही अर्थ एकत्र येतात. 1664 साली कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू झालं, साधारण 3 किलोमीटरचा नागमोडी तट, आणि होडीतून जवळ गेलात की लाट थेट तटावरच फुटताना दिसते, तिथे बेटाचा काठ कुठे संपला आणि तट कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. गावात भांडण होऊन "दोन तट पडले" म्हणतो तो अर्थही याच्याच शेजारचा वाटतो मला, दोन काठ समोरासमोर.

तटबंदी म्हणजे तट, बुरूज, दरवाजे मिळून सगळी व्यवस्था, चिरेबंदीतलं आणि नाकेबंदीतलं तेच फारसी 'बंदी'. कोट म्हणजे तटाने वेढलेली अख्खी जागा, आमच्या इथे राजकोट, सर्जेकोट या नावांत तो राहिलाय. आणि गावाभोवतीची ती कूस किंवा कुसू, गावकुसाबाहेर म्हणतो त्यातली, हा शब्द जपून वापरा कारण त्यात कोणाला बाहेर ठेवलं तेही येतं.

सांचीच्या तोरणावर बुद्धाच्या अस्थींसाठी कुशिनगरला पडलेला वेढा कोरलाय, तिथे तट आणि बुरूज लिहा. अकबरनाम्यातला चित्तोडचा वेढा (1567-68) असेल तर तटच, सुरुंग लावून उडवतात तो तट, भिंत उडवली म्हटलं की कोणाच्या घराची उडवली असं वाटतं. बिएटस या स्पेनमधल्या ख्रिस्ती साधूच्या बायबलवरच्या भाष्याच्या हस्तलिखितांत स्वर्गीय जेरुसलेम वरून बघितल्यासारखं काढलंय आणि बाराही दरवाज्यांसकट चारही बाजू बाहेरच्या अंगाला उलगडून आडव्या टाकल्यात, पुठ्ठ्याचा खोका उघडावा तशा. तिथे 'तटबंदीचं नगर' चांगलं. येशूची आई मेरी बागेत बसलीय आणि भोवती बुटकी भिंत आहे अशी चित्रं असतील तर सरळ 'बागेभोवतीची भिंत', तट अजिबात नको, तिथे लढाई नाहीये. (पॅराडाइज या शब्दाचं जुनं इराणी रूपही 'भोवती भिंत घातलेली जागा' असंच आहे, त्यातला पहिला तुकडा म्हणजे आपला परिघातला 'परि'.)

आणि एक मराठी चित्र त्यात जरूर लावा, चार भावंडं भिंतीवर बसलीत आणि समोरून चांगदेव वाघावर बसून येतायत. तिथे भिंतच, दुसरा शब्द चालणारच नाही. ती भेटायला सामोरी जाते, तट कधी कोणाला सामोरा जात नाही.

गडगा मात्र वेगळा ठेवा. चुनामाती न लावता नुसते चिरे नाहीतर धोंडे एकावर एक रचलेले, पावसात शेवाळ धरणारा, कमरेएवढा. जुन्या चित्रांत शेताच्या कडेने असे दगड रचलेले दिसले तर बिनधास्त गडगा लिहा, घाटावरच्या पोरांना एक नवा शब्द मिळेल.

जमलं तर मुरुडच्या पद्मदुर्गाचा एक फोटोही शेजारी लावा. खाऱ्या वाऱ्यापाण्याने तटाचे दगड आत झिजलेत आणि मधला चुना तसाच उभा राहिलाय, त्यामुळे चित्रकार तट दाखवायला ज्या चौकटी चौकटी रेघा मारतो ना, अगदी त्याच रेघा तिथे तटावर उठून आल्यात.